बारकूदादाच्या घरचा राक्षस

आमच्या डोळखांबच्या बाजूला राक्षस कसा तयार होतो, सांगू? करवंदं खाऊन होतो. हसू नका!

बोहाडा म्हणजे आमचा देवीपुढचा मुखवट्यांचा उत्सव. कुठल्या घरानं कोणतं सोंग नाचवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पहिल्या वाटणीच्या बैठकीला बारकूदादाचा पणजोबा कमळू निघाला, वाटेत करवंदाची जाळी लागली, गडी तिथंच रमला. पोचला तोवर देव संपलेले, वीर संपलेले, उरला होता एकटा राक्षस. झालं! तेव्हापासून ते घर राक्षसाचं.

आणि बारकूदादा तरी कसा? कोंबडी कापायची वेळ आली की हा शेजारच्या पाड्यात निघून जातो. कापते ती बायको, पारू. तरी पोरं जेवली नाय की आया दम देतात, बारकूला बोलावू का? शहापूरच्या बाजारातसुद्धा हाक येते, "काय राक्षस, भेंडी कशी दिली?" हा गरीब हसतो आणि दोन भेंड्या जास्तीच्या घालतो.

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं. त्याचा पोरगा पंकज आणि सिद्धगडाकडची काजल, दोघांचं जमलेलं. काजलचा बाप मंगळू घर बघायला आला, चहा प्यायला, आणि भिंतीवरचा शिंगवाला मुखवटा पाहून उठलाच. "पोरगा बरा हाय. पन माझी पोर राक्षसाची सून म्हनवून घेनार नाय." पारूनं पदर डोळ्यांना लावला. शेवटी कसाबसा एवढ्याला कबूल झाला, की बोहाडा बघीन, मग बोलीन.

बारकूदादा सुनिलकडे धावला. वीराचं सोंग सुनिलच्या घरचं. "एक वर्स बदलू रे." सुनिल म्हणतो, "मान हाय तो, मेथीची जुडी नाय बदलायला!" असला राग आला मला! मग दादा माझ्याकडे आला. मी संबळ वाजवतो, आणि सोंग आलं की त्याची ओळखही मीच करून देतो. "राक्षसाबद्दल दोन बरे शब्द बोल रे," म्हणाला.

शेवटच्या दिवशी, उन्हं वर आल्यावर, मंगळू पुढं येऊन बसला, मुखवटा चढवून दादा रिंगणात आला, तशी मी सुरुवात केली. "मंडळी, हा राक्षस मुळात साधा नाचणी पिकवणारा! डोळे लाल का? शेजारी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायचे, धूर सगळा याच्या घरात. दात बाहेर का? सगळ्यांशी हसून बोलता बोलता आत जायचेच राहिले. आणि शिंगं? एका कचेरीत दाखल्यासाठी बसला. साहेब जेवायला गेले ते आलेच नाय. बसून बसून फुटली!" बाया डोळे पुसायला लागल्या. प्रत्येकाला आपापली कचेरी आठवली असणार.

मग राक्षसाला मारायला पुठ्ठ्याची तलवार घेऊन सुनिल आला. लोक ओरडले, "मारू नको रे त्याला!" सुनिल भडकला. "माझी पन गोष्ट सांग की!"

सांगितली. "हा वीर जन्मला तेव्हा दारात ट्रॅक्टर होता. संपली गोष्ट."

बाप रे! सुनिलनं तलवार फेकली आणि मांडवाचा खराखुरा बांबू उपसला. मांडव एका बाजूनं बसला. मुखवट्यातून काही दिसत नव्हतं, म्हणून बारकूदादा नेमका बांबूकडेच नाचत निघालेला. तेवढ्यात मंगळू रिंगणात घुसला, दोन्ही हातांनी बांबू धरला आणि गरजला, "आमच्या व्याह्यांना हात तर लावून बघ!"

व्याही! शब्द तोंडातून गेला, तोही गावासमोर, देवीसमोर. बायांमधून पारू किंचाळली, "ऐकलं ना गो सगळ्यांनी?"

"ऐकलं!" गाव म्हणाला. मंगळूनं इकडं तिकडं पाहिलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. पण बांबू काय सोडला नाय.

आता राक्षस मेल्याशिवाय बोहाडा संपत नाय, आणि बोहाडा संपल्याशिवाय आमच्यात कोणी पेरणीला हात लावत नाय. म्हातारे कुरकुरायला लागले. मुखवट्याआडून बारकूदादाचा रडवेला आवाज आला, "व्याही, सोडा त्याला. मला मरू द्या." आणि सुनिलनं तलवार उचलायचीही वाट न बघता दादा धाडकन आडवा झाला. पडल्या पडल्या त्याचे खांदे गदागदा हलत होते. एवढ्या आनंदानं मेलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाय.