बांधावर वाटलेल्या गोळ्या

भाताची लावणी म्हटली की मला अंगदुखीची गोळी आठवते. लोकांना हिरवी खाचरं आठवतात. ती बघायला उभं राहावं लागतं. आम्ही बायका दिवसभर वाकलेल्या असायचो. कान्ह्याच्या दुकानातून गोळ्या यायच्या आणि दुपारच्या भाकरीनंतर प्रत्येकीच्या हातावर एकेक पडायची. डोकं, कंबर, ताप, सगळ्याला तीच.

आमच्या यांना आतड्याचा कॅन्सर झाला. पुण्याला ऑपरेशन करून गाठ काढली. गाठीची तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी रोज एक बारीक गोळी लिहून दिली. जेवून घ्यायची, चुकवायची नाही. यांनी वडगावच्या मेडिकलवाल्याला विचारलं, तर ते आमच्या लावणीच्या गोळीतलंच औषध निघालं.

"माजी कुटं कंबर दुखतीय?" असं म्हणून यांनी पाकीट खिशात टाकलं ते टाकलंच.

आषाढात लावणी लागली. यांना काम बंद होतं, म्हणून बांधावर खुर्ची टाकून बसायचे. शेजारची सून कमरेला हात लावून ओरडली, "आबा, पार मोडले बगा. गोळी हाय का?"

यांनी दिली. मग सगळ्याच जणी बांधाकडे यायला लागल्या.

"आबा, तुमची गोळी लय गुणाची!"

"पुण्याच्या डॉक्टरची हाय. कुनालाबी मिळत न्हाई."

मी म्हणाले, "आवो, ती तुमाला दिलीया."

"मला दुखंल तवा घीन."

आजारपणात जो तो यांना काही द्यायला यायचा, शहाळं नाहीतर बिस्किटं. आता यांच्याकडे कुणी मागायला येत होतं. फार खुशीत होते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?" यांनी मान हलवली.

"खोटं हाय," मी म्हणाले. "लावणीच्या बायकांला वाटल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुमची गोळी दुखण्यासाठी नाही. जखम झाली की शरीर एक रसायन तयार करतं, प्रोस्टाग्लँडिन. त्यानं सूज येते, दुखतं. कॅन्सरच्या पेशीही तेच बनवतात, त्याच्या जोरावर स्वतःकडे रक्त ओढून घेतात आणि शरीराची राखण करणाऱ्या पेशींना गप्प बसवतात. ही गोळी ते रसायन कमी करते. एखादी पेशी मागे राहिली असेल, तर तिला वाढू द्यायचं नाही. सगळ्यांना ही लागू पडत नाही. तुमच्या गाठीला पडेल असं तपासणीत दिसलं."

"म्हंजी दुसऱ्याच्या खाचरातलं पाणी फोडून घेत्यात तसं," हे म्हणाले.

"तसंच समजा. आणि कुणाला वाटू नका. या गोळीनं पोटात रक्तस्राव होऊ शकतो."

यांचा चेहराच उतरला. येताना गाडीत एवढंच म्हणाले, "त्या सुनंला पित्ताचा तरास हाय." उतरल्यावर घरी न येता तडक तिच्याकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, धडधाकट. वर विचारते, "आबा, आनली का गोळी?"

"आनली. पन ती माजी हाय."

तेव्हापासून जेवण झालं की माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायचे आणि जीभ बाहेर काढून दाखवायचे, शाळेतल्या पोरासारखे. गाठ परत आली नाही. ऑपरेशननं की गोळीनं, ते नक्की सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. उगाच फुशारकी मारली नाही, ते मला आवडलं. हे गेले ते फार वर्षांनी, हृदयविकारानं.

आता आमच्या खाचरात बाहेरची टोळी येऊन लावणी करून जाते. काम चोख असतं, पण आरडाओरडा नसतो, चेष्टा नसते. मला आठवतो तो आषाढ, तपासणी स्वच्छ आली आणि बाईंनी हलक्या कामाला परवानगी दिली तो. यांनी धोतर खोचलं आणि चिखलात उतरले. रोपं कुठं दाट, कुठं विरळ लागत होती.

"आबा, वर या, भाताचं वाटोळं कराल!" बायका ओरडत होत्या.

"गप लावा गं," हे म्हणाले आणि पुढची जुडी सोडली.

मी त्यांच्या मागून रोपं नीट करत चालले.