उटानीची वही

टांझानियातल्या सोंगेआच्या बाजाराला लागून जो लांब ओटा आहे, त्याच्या एका टोकाला गाउडेन्सिया शिवणयंत्र चालवायची आणि दुसऱ्या टोकाला ओस्मुंड न्गोन्यानी सायकली दुरुस्त करायचा. मधोमध ओस्मुंडची बायको ह्यासिंटा निखाऱ्यांवर खळग्यांचा तवा ठेवून तांदळाचे गोड विटुंबुआ तळायची. ओट्यावर बाकीचे दुकानदार आले आणि गेले, ही तिघं मात्र वर्षानुवर्षं तिथेच ठाण मांडून होती.

गाउडेन्सियाला एक खोड होती. संध्याकाळी यंत्र झाकण्याआधी ती शाळेची बिनरेघी वही काढायची आणि निळ्या पेनानं एक चित्र काढायची. दिवसभरात जे बघून हसू आलं तेच काढायचं, असा तिचा नेम. गंभीर गोष्टींसाठी पाद्रीबाबा आहेत आणि सरकार आहे, म्हणायची. चित्रकला तशी बेताचीच. वहीतल्या झाडून सगळ्या माणसांची नाकं बटाट्यासारखी. पण शिवणकाम करणारीची नजर ती! पाठ, पोट आणि चालण्याची ढब अशी उतरायची की माणूस लांबून ओळखावा. ज्या दिवशी कशाचंच हसू आलं नाही, त्या दिवशी ती आठ्या घातलेली, गाल फुगवलेली गाउडेन्सिया काढायची, आणि मग ते बघून हसायची.

ती इरिंगाकडची हेहे, आणि ओट्यावरचं हे जोडपं न्गोनी. दोघांचे पणजे एकमेकांच्या जिवावर उठले होते. लढून लढून दमले तेव्हा दोन्ही जमातींत उटानी ठरली, म्हणजे थट्टेचं नातं. एकानं दुसऱ्याची हवी तेवढी टर उडवावी, आणि ज्याला राग येईल त्यानंच शरमावं. त्यामुळे त्या ओट्यावर सकाळ कशी व्हायची, तर अशी.

"काय गं कुत्रेखाऊ," ह्यासिंटा ओरडायची, "माझं कुत्रं कालपासून दिसत नाही. रात्री काय शिजवलंस?"

"पळताना तुझ्या पणज्यानं टाकलेली ढाल. अजून शिजतेच आहे, मेली मऊ होत नाही."

संध्याकाळी ह्यासिंटा हात पुसत पुसत वही बघायला यायची. बहुतेक पानांवर तीच असायची. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना तोंड उघडं टाकून झोपलेली ह्यासिंटा. एक चप्पल हातात घेऊन बकरीमागे धावणारी ह्यासिंटा. साखर बरोबर पडली का बघते म्हणत अर्धा घाणा फस्त करणारी ह्यासिंटा.

"माझी कंबर एवढी आहे?"

"पानात मावेना, म्हणून थोडी कमीच केली."

ह्यासिंटा पाठीत एक धपाटा घालायची आणि पान पुन्हा बघायची. वही दुसऱ्या कुणाला आधी दाखवली तर तिला खपायचं नाही.

जुलैच्या थंडीत ह्यासिंटाला ताप आला, डोक्यात गेला, आणि बाई गेली. होत्याचं नव्हतं झालं.

न्गोनींच्या घरी मयत झालं की उटानीतली माणसं येऊन दंगा घालतात. मेलेल्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवतात, वाट अडवतात, पुरायच्या खड्ड्यात जाऊन बसतात. रडणाऱ्यांच्या छातीवरचा दगड जरा सरकावा, एवढंच त्यात असतं. गाउडेन्सियानं हे कितीतरी वेळा केलं होतं. एका सुताराच्या दफनाला तर ती खड्ड्यात आडवी होऊन "पांघरूण आणा" म्हणाली होती. पण ही ह्यासिंटा होती. आज थट्टा करायची म्हणजे जीभ झडेल, असं तिला वाटलं. काळं वस्त्र डोक्यावरून घेऊन ती बायकांत बसली आणि शहाण्यासारखी मुसमुसत राहिली.

खड्डा खणला होता त्या घराजवळच्या टेकडीवर ती एकटीच हेहे होती. इकडे ओस्मुंड चटईवर बसलेला. डोळ्यांत टिपूस नाही, मक्याच्या उगालीचा घास नाही, नजर कुठेतरी मातीत. त्याचे चुलतआजोबा, म्हातारे लुहाला, बायकांच्या घोळक्यापाशी आले.

"ए हेहेबाई, तोंड लपवून काय बसलीस?"

"आजोबा, आज नाही हो जमायचं. मैत्रीण होती माझी."

"मैत्रिणी इथं पन्नास बसल्यात. उटानीची तू एकटी. पोरगा दगड झालाय, दिसतंय ना? आज फुटला नाही तर उद्या आतल्या आत फुटेल."

गाउडेन्सियानं वस्त्र आणखी पुढे ओढलं. तेव्हा ओस्मुंडनं मान वर केली. सकाळपासून तो पहिल्यांदा बोलला.

"राहू द्या, आजोबा. ह्यासिंटा गेली, नातं संपलं. हिला वाटतं आता आम्ही परके."

हा घाव वर्मी बसला. गाउडेन्सिया उठली. खांद्यावरच्या पिशवीत सवयीनं आणलेली वही होती, मोजमापाची फीत होती. शवपेटी उचलून माणसं निघाली होती. ती त्यांच्या पुढे धावली आणि खड्ड्यात पाय सोडून बसली.

"थांबा! ही बाई आत मावते का ते आधी बघू द्या. माप माझ्याकडे आहे." तिनं फीत काढून खड्ड्याची रुंदी मोजली. "छे! कुणी खणला हा? न्गोनींनीच ना? लढाईत खंदकही असेच खणले असणार, म्हणून पळावं लागलं!"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. तिनं वही उघडून उंच धरली. मिस्सेतली ह्यासिंटा बघून पाद्रीबाबांनी ओठ आवळले. बकरीमागची ह्यासिंटा बघून बायकांनी पदर तोंडात कोंबले. मग तिनं एक पान ओस्मुंडपुढे नेलं. त्यावर ह्यासिंटा नवऱ्याच्या तोंडात तव्यातून काढलेला विटुंबुआ कोंबत होती, आणि तो पाना हातात घेऊन एका पायावर नाचत होता.

"गरम होता," ओस्मुंड म्हणाला. "जीभ भाजली होती माझी." आणि तो हसला. पोट धरून हसला, आणि हसता हसता आवाज बदलला. लुहालाआजोबांनी त्याला कवेत घेतलं, तेव्हा तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडत होता.

मग सगळी टेकडीच रडू लागली. गाउडेन्सियाला तेवढी मुभा नव्हती. दोर धरून माणसं पेटी खाली सोडत होती आणि ती मातीच्या ढिगाऱ्यावर उभी राहून जीव खाऊन ओरडत होती, "हळू सोडा रे, मेल्यांनो! तिला गुदगुल्या होतात!"