रिकाम्या खुर्चीसमोरचं विमान
अन्याय झाला माझ्या ताईवर, दोन हजार चारच्या उन्हाळी सुट्टीत, घोडेगावच्या कॉम्प्युटर क्लासात: विमानाचा गेम पोरांना, पोरींना नुसतं टायपिंग! पोरं हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, लावून विमानाचं नाक धावपट्टीकडं धरायची आणि आडवा वारा त्याला भलतीकडंच न्यायचा. "सरका," म्हणत ताई बसली. "शिलाई मशीन न्हाई ते," एकजण खिदळला. तिनं कोर्समध्ये, म्हणजे विमानानं जायच्या वाटेत, धावपट्टीची दिशा भरली, आपोआप विमान चालवणाऱ्या ऑटोपायलटला धावपट्टीपर्यंतची सरळ रेघ धरायला लावली. नाक वाऱ्याकडं वळलं, विमान मात्र रेघेवरच! "वारा असला की धरणाच्या पाण्यात होडी अशीच न्यायची असती," ती म्हणाली. सरांनी दरडावून तिला उठवलं. तरी रिकाम्या खुर्चीसमोर विमान सरळ धावपट्टीकडं जात राहिलं. गरम मॉनिटरच्या वासानं ते आजही दिसतं. तुमच्या गावच्या क्लासात जा, पोरगी मागं उभी दिसली तर तिला खुर्ची द्या आणि कुणाला उठवू देऊ नका.