ढवळ्या रुळावर थांबला

नातवाच्या ट्रॅक्टरचा करपट धूर आला की मला उंबरमाळीजवळची दगडाची खाण आठवते. लढाईच्या दिवसांत तिथं खडीचे रेल्वेडबे आमची बैलजोडी ओढायची. मग डबे ढकलायला ट्रॅक्टर आला. मुकादम माझ्या बापाला म्हणाला, "ने आता ढोरं घरी. याला पेंड लागत नाय."

दुसऱ्या दिवशी जोडीतला ढवळ्या सवयीनं एकटाच रुळावर जाऊन उभा राहिला. मागून ट्रॅक्टर डबा ढकलत आला. चाकं वाजली तसा ढवळ्या बाजूला सरू लागला. तेवढ्यात बाप ट्रॅक्टरवाल्यावर ओरडला, "हो रे, होऽ! थांब!"

त्या घरघरीत ट्रॅक्टरवाल्याला काय ऐकू आलं नाय. पण बैल थांबवायला बाप रोज हीच हाक द्यायचा. ढवळ्यानं ती ऐकली, आणि तो रुळावरच थांबला.

नातू म्हणतो, "आजोबा, ट्रॅक्टर थांबवायला बांधावरनं नुसती हाक मारा ना!" मी मारत नाय. चिखल तुडवत त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो.