मोठे बाबा आणि दमेकरी गाडी

मी आज जगदलपूरच्या कॉलेजात शिकवतो ते मोठ्या बाबांमुळे, आणि त्यांच्या तपासणीतून सुटलेलं एकही यंत्र आमच्या भिलाईत नसेल. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दहावीनंतर गोंदियाकडच्या गावातून त्यांनी मला सेक्टर सहामधल्या आपल्या क्वार्टरमध्ये आणलं आणि घराण्यातला पहिला पदवीधर केलं. ते स्वतः स्टील प्लान्टमध्ये भट्टीला हवा पुरवणाऱ्या प्रचंड ब्लोअरवर फिटर होते. ते निवृत्त होऊन भिलाईतच कोहक्याला स्वतःच्या घरात राहायला आले आणि तिथल्या लहानसहान यंत्रांचे दिवस फिरले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला, अशी त्यांची तपासणी. एका लग्नात जनरेटर असा ऐकून त्यांनी "बेअरिंग जाऊन राहिली" म्हणून जाहीर केलं आणि तो तिथल्या तिथे बंद करवला. शेवटचं मंगलाष्टक भटजींना माइकशिवाय म्हणावं लागलं. शिवाय प्लान्टचा नियम घरातही लागू. दुरुस्तीला घेतलेल्या वस्तूवर लाल पट्टी बांधायची, आणि काम संपल्यावर ती फक्त त्यांनीच सोडायची. मोठ्या आईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मिक्सर एकदा तीन दिवस पट्टीत होता. "आता मले बी बांधा एक पट्टी, मंग सैपाक कोन करते ते पायतो," असं म्हणत तिने चटणी पाट्यावर वाटली.

गेल्या उन्हाळ्यात मी माझी जुनी टर्बो डिझेल गाडी घेऊन जगदलपूरहून आलो. चढावर ती मुळीच ओढत नव्हती, काळा धूर सोडत होती आणि जोर दिला की बारीक शिट्टी वाजवायची. पावर हाउस बाजारातला मेकॅनिक म्हणाला, टर्बोच बदला. मोठे बाबा चिडले. "टर्बो म्हंजे का? आमचा ब्लोअरच, नारळाएवढा! हिले दमा झाला बे. हवा कुठंतरी पळून राहिली." त्यांनी स्टिअरिंगला लाल पट्टी बांधली आणि वर गल्लीला ऐकू जाईल अशी प्रतिज्ञा केली, "हे नाई सापडलं तं आपली हत्याराची पेटी कायमची बंद."

त्यांनी एअर फिल्टर पाहिला, साफ होता. पाइप सोडून टर्बोचं चाक बोटाने फिरवलं, मोकळं फिरलं; हलवलं, डुगडुगलं नाही. पाइप परत बसवून मला गाडी सुरू करायला लावली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. शिट्टी वाजली. ते स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून वाकून उभेच.

"शिट्टी कुठं आहे?"

"वाजून तं राहिली!" मोठी आई आतून ओरडली. "मले सैपाकघरात ऐकू येते, तुमाले कानापाशी नाई?"

मला उलगडलं. इंजिनाची धडधड त्यांना ऐकू येत होती. वरच्या पट्टीतले बारीक आवाज ब्लोअरच्या गोंगाटाने केव्हाच नेले होते. मी इंजिन बंद केलं. ते पाने पुसून एकेक पेटीत ठेवू लागले.

मनात आलं तेच मी विचारलं, "मोठे बाबा, तेवढ्या आवाजात तुम्ही बारीक गळती ऐकत कशी होता?"

"ऐकत कोन होतं बे? तिथं सोताचा शब्द ऐकू येत नव्हता. साबन लावत होतो आम्ही..." त्यांचा हात थांबला. "अवो, साबनाचं पानी आना! अन् आरसा!"

साऱ्या पाइपांना फेस फासून झाला. मी पुन्हा जोर दिला. टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या अंगाला, मोठ्या आईच्या आरशात, एक फुगा टम्म फुगला आणि फुटला. मग दुसरा.

"पकडला रे!" मोठे बाबा म्हणाले आणि किती तरी वेळ तो आरसा तसाच धरून फुगे पाहत राहिले.

हल्ली फोन केला की "नेटवर्क नाई" म्हणून ते तो लगेच मोठ्या आईच्या हातात देतात. म्हणून परवा मी त्यांना पत्र पाठवलं:

"ती. मोठ्या बाबांस सा. न. वि. वि.

नवा पाइप बसवल्यावर गाडीने परतताना केशकालचा घाट धूर न सोडता चढला. तुमची रीत मी वर्गात करून दाखवली. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं एका मुलीने विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. दिवाळीत येतो. रायपूरला कानाच्या डॉक्टरांकडे दोघं जाऊ. नाही म्हणू नका. तोवर जे ऐकू येणार नाही ते मला विचारा, मी सांगत जाईन."