दसऱ्याचं इंजिन

स्पिरिटचा वास आला की मला अकोल्याच्या जठारपेठेतली दसऱ्याची एक सकाळ आठवते. चौथीतच शाळा सुटलेला मी कोकणातून इतक्या लांब कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात कामाला आलो होतो आणि फुलांचा मळा असलेल्या कुटुंबाच्या घरी भाड्याने राहत होतो. घरमालकांना आणि मला छोट्या आगगाडीचा सारखाच नाद. त्यांनी अंगणात पत्र्याच्या पट्ट्यांचे रूळ मांडले, मी पितळी नळीचं, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं वीतभर वाफेचं इंजिन घडवलं. ते आज पहिल्यांदा धावणार म्हणून सगळी आळी जमली होती, आणि नाही धावलं तर या परमुलखात आपलं हसं होणार म्हणून मला घाम फुटला होता. घरमालकीण काकूंनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांसमोर लिंबू ठेवलं. वाफ धरताच मी इंजिन सोडलं, तर ते लिंबाला टेकून जागच्या जागी फुरफुरू लागलं. “काहून थांबली वं?” शेजारीण म्हणाली. मालक काकूंवर खेकसले, “हे काय बैलगाडी हाय? चाकापरीस निंबूच मोठं!” पूजेचं लिंबू उचलायची माझी छाती होईना. काकूंनीच ते उचललं आणि प्रसादातला एक उकडलेला हरभरा रुळावर ठेवला. “गाडी लहान, तं निंबूबी लहान. देवाले समजते. सोड बाबू!” हरभरा चिरडून इंजिन झुकझुक करत तुळशीला वळसा घालून आलं. मग दर फेरीला काकू नवा हरभरा ठेवत राहिल्या, आणि प्रसादाचं पातेलं रिकामं झालं. माझ्यासाठी देवाची इतकी सहज समजूत घालणारं माणूस मला तिथे भेटलं, हे आठवलं की आजही धीर येतो.