दादाची म्हैस, माझी सकाळ

पाऊस उघडला की रंकाळ्याच्या काठावर परीट उतरतात. चिमणीपेक्षा थोडा लांबट पक्षी, पोट पिवळसर, आणि शेपटी सारखी वर-खाली, कुणीतरी दगडावर कपडे आपटत असल्यासारखी. लांब उत्तरेकडून येतात म्हणे. बारा महिने मी पहाटे उठून काठावर जातो, आणि आश्विनाच्या तोंडावर त्यांची वाट बघत बसतो. तेव्हा हवेत पहिला गारवा आलेला असतो, पाण्यावर धूर तरंगत असतो आणि कठड्यालगतच्या गवताला तुरे फुटलेले असतात. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, मशीनवरून उतरलेले भाग तपासून पास करायचं माझं काम आहे. दिवसभर कानात खडखडाट आणि नाकात तेलाचा वास असतो. सकाळचा तेवढा वेळ माझा, असं मी बायकोला, मुलांना, सगळ्यांना बजावून ठेवलेलं आहे. तो मी आजवर कुणाला दिला नाही. यंदाही दिला नाही, आणि त्याचंच हे सगळं आहे.

माझ्या थोरल्या भावाचा नाद वेगळा. म्हैस. म्हैस पाळणं हा नाद कसा, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्या पेठेत घराला घर लागून आहे, तरी मधे मधे गोठे आहेत आणि संध्याकाळी लोक पेला घेऊन धारेला उभे राहतात. पण दूध हे निमित्त. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर काढतात, तो खरा नाद. अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, शिंगांना रंग द्यायचा, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ बांधायचे. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवरून पुढं सुटतो आणि म्हैस त्याच्या मागं धावते. दोरी नाही, काठी नाही. गर्दीतनं, फटाक्यातनं, दुसऱ्या दहा गाड्यांच्या आवाजातनं ती आपल्या मालकाचीच गाडी ओळखते आणि त्याच गाडीमागं जाते. मोठेपणा आहे तो यात.

दादाची तयारी पाऊस थांबला की सुरू व्हायची. रोज संध्याकाळी गाडी काढायची, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. चाळ पहिल्या दिवसापासून पायात, कारण त्या आवाजाची तिलाही सवय लागायला हवी. तो तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचा. गाडी थांबली की ती जवळ येऊन मागच्या सीटवर नाक टेकवायची. माझ्या गच्चीवरून मला हे सगळं दिसायचं. आमचं घर मधल्या भिंतीनं दोन भागांत वाटलेलं आहे. तिकडं दादा आणि वहिनी, त्यांची मुलगी लग्न होऊन गेलेली. इकडं आम्ही. गोठा त्यांच्या बाजूला, आणि त्यातलं एकही काम आयुष्यात कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

यंदा आषाढात झड लागलेली असताना धार काढता काढता दादा बाजूला कलंडला. चरवी लवंडली, दूध शेणात गेलं. वहिनी सांगते की म्हशीनं पाय जागचा हलवला नाही, नाहीतर तो तिच्याखालीच आला असता. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. वाचा पुढं परत आली, पण तुकड्यातुकड्यानं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं त्याला विचारलं, “काका, बरं होऊन काय करायचंय तुम्हाला?” तो बराच वेळ जुळवाजुळव करत राहिला. मग म्हणाला, “पाडवा. दारात... हुबा ऱ्हाणार.”

त्यानंतर तो रबरी चेंडू डाव्या हातानं उजव्या मुठीत ठेवून दाबायला लागला. दिवसभर दाबायचा.

म्हशीकडं आता मी बघायचं, हे न बोलता ठरलं. मी बघितलंही. संध्याकाळी कामावरून आल्यावर वैरण टाकायचो, शेण काढायचो. सकाळी मात्र रंकाळ्यावरून परतल्यावर, कामाची बस गाठायच्या घाईत कशीबशी धार उरकायचो. माझा हात तिला परका होता. ती दूध चोरायची आणि मी अर्धवट सोडून उठायचो. श्रावण संपता संपता तिची कास सुजली, दगडासारखी टणक झाली. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं.

“हिला सावकाश, पूर्ण मोकळी करायला पाहिजे,” ते म्हणाले. “घाई केली तर एखादा सड कायमचा आटेल. सकाळी कोण बसतंय धारेला?”

“मीच. पण माझी सकाळची पाळी असते,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, वहिनीनंही हलवली. माझी पाळी आठला सुरू होते. मी पाचला उठतो. मधला वेळ कुठं जातो हे त्या दोघांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

“भावजी, ह्यास्नी उचलू का तिला बघू?” वहिनी त्या रात्री म्हणाली. “माझ्यानं न्हाय व्हायाचं. चांगल्या घरी दिऊन टाकू. पर ह्यास्नी आत्ता न्हाय कळू द्यायचं. पाडव्यासाठीच हात हालवाल्यात ते. एकदा उठून बसू देत, मग सांगू.”

मला तेव्हाच म्हणता आलं असतं की थांब, सकाळी मी बसतो. दोन महिन्यांचा प्रश्न होता. परीट काय, पुढच्या वर्षीही आले असते. मी म्हणालो, “बरं.”

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी नदीपलीकडच्या वडणग्याचे एक शेतकरी टेम्पो घेऊन आले. साधा माणूस, गोठा स्वच्छ ठेवणारा, असं चौकशीत कळलं होतं. वहिनीनं आत टीव्ही मोठा केला. म्हैस टेम्पोच्या फळीपर्यंत आली आणि तिथंच पाय रोवून उभी राहिली. आधी पेंड दाखवली, मग दोघांनी ढकललं. टेम्पोवाल्यानं काठी उचलली तेव्हा मी त्याचा हात धरला.

“पावणं, ही काय चढायची न्हाय,” शेतकरी म्हणाले. “पळवायची म्हस हाय न्हवं ही? मग गाडीमागनं येती का बगा की.”

दादाची गाडी पावसाळाभर गोठ्यात झाकून ठेवलेली होती. मी ताडपत्री काढली, दादा बांधायचा तसे तिच्या पायांत चाळ बांधले आणि किक मारली. त्या आवाजानं गल्ली दणाणली. तिनं कान टवकारले. मी पुढं निघालो आणि ती आली, चाळ वाजवत. खिडकीतून दादाचा “हां!” असा मोठा आवाज आला. दुखणं झाल्यापासून इतका मोठा आवाज त्यानं काढला नव्हता.

पंचगंगेचं पाणी निवळून हिरवं झालं होतं. पुलावर लोक बाजूला सरकत होते, एक पोरगं टाळ्या वाजवत होतं. पुढं दोन्ही बाजूंनी भात लोंबायला आलेला. मी आरशात सारखा बघत होतो. तिचं तोंड आरशात मावत नव्हतं, कधी एक डोळा दिसायचा, कधी शिंग. सुजलेली कास घेऊन ती धावत होती. मी वेग कमी केला की तीही कमी करायची. सबंध वाटेत ती एकदाही अडली नाही. त्यांच्या गोठ्यापाशी मी गाडी थांबवली, तशी तिनं जवळ येऊन सीटवर नाक टेकवलं. शेतकऱ्यांनी दावं घातलं. मी चाळ सोडून पिशवीत भरले आणि गाडी वळवली. ती रेकली. पुढच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

घरी आलो तर दादा उशीला टेकून जागा.

“कशी... पळाली?”

“झकास.”

त्याचं अर्धं तोंड हसलं. “उद्या बी... काढ.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाडी काढली. काय करणार होतो? गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. मागं काही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. नवरात्रातल्या संध्याकाळी, बायका आरतीची ताटं घेऊन निघालेल्या असताना, पन्नाशीचा एक माणूस धडधडणारी गाडी चालण्याच्या वेगानं नेतोय आणि आणतोय. कोपऱ्यावरच्या गोठ्यातला दादाचा जुना दोस्त पहिल्यांदा हसला.

“आरं भावा, मागं म्हस बांधायची इसरलास काय?”

मी थांबून त्याला खरं सांगितलं. त्याचं हसू गेलं. “मग त्येला सांग की लेका,” तो म्हणाला. “कान फुटल्यात व्हय त्येचं?” पलीकडच्या दुधाच्या गिऱ्हाईक मावशी तर दारातूनच ओरडल्या, “आवं, आवाज बंद करा तेवढा! दूध न्हाय आन् नुसतंच फटफटतायसा!” मग त्यांनाही कुणीतरी सांगितलं असावं. त्यानंतर मी निघालो की गल्ली गप्प व्हायची. पोरं चेंडू हातात धरून बाजूला उभी राहायची. लोकांनी चिडवलेलं मला परवडलं असतं.

आणि दादा सुधारत होता, हे खरं. दसऱ्याला त्यानं डाव्या हातानं आपट्याची पानं दिली आणि उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. कोजागिरीला भिंतीला धरून उभा राहिला. मी मनाशी म्हणायचो, आवाजानंच बरा होतोय तो, हे औषधच आहे. सकाळी मी रंकाळ्यावर जातच होतो. परीट आले होते. मी ते बघत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण बघत होतो.

दिवाळीच्या आधी, एका रविवारी, मी त्याची दाढी करत होतो. गालाला साबण लावलेला असताना तो म्हणाला,

“चाळ... कुठायत?”

मी वस्तरा खाली घेतला.

“पयल्या दिशी... वाजलं. मग न्हाय.” त्याला दम लागत होता, पण त्याला सगळं बोलायचं होतं. “गाडीच येतीया... नुसती.”

“दुसऱ्या दिवसापासनं ठाऊक होतं तुला?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझी वैनी... आनंदात व्हती. मी हुबा ऱ्हातोय म्हणून.” थोडं थांबून, “तुझ्यामागं आली? सरळ?”

“सरळ आली. कुठं थांबली नाही.”

त्यानं डोळे मिटले. तिला त्यानंच शिकवलं होतं, गाडीमागं यायचं, गाडी नेईल तिकडं. साबण गालावर वाळत होता. मला वाटलं आता सगळंच सांगून टाकावं.

“दादा, पाळीचं मी खोटं सांगितलं. सकाळी मला वेळ होता. मी बसू शकलो असतो.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “तू पयल्यापासनं... तसाच.”

रागानं म्हणाला नाही. माझा रंग सावळा आहे, माझी उंची बेताची आहे, तसं म्हणाला. मी त्याची दाढी पुरी केली. एका जागी कापलं, तुरटी लावली.

त्यानंतर त्यानं चेंडू दाबायचं सोडून दिलं. वहिनी हातात द्यायची, तो धरून ठेवायचा. व्यायामवाली मुलगी रागावली, तिनं समजावलं, काही झालं नाही. पाडव्याला तो दारात उभा राहिला मात्र. चौकटीला धरून, स्वच्छ टोपी घालून. सजवलेल्या म्हशी एकामागून एक गेल्या. प्रत्येक पोरानं त्याच्यासमोर गाडी थांबवली, म्हशीला फिरवून दाखवलं. “काका, बगा की, नक्षी कशी हाय!” तो मान हलवायचा. कोपऱ्यावरचा दोस्त शेवटी आला, त्यानं गाडी बंद केली आणि म्हैस चालवत नेली.

भाऊबीजेला दादा म्हणाला, “वडणग्याला... जाऊ.”

रिक्षा केली. वहिनी आली नाही. वाटेत उसाच्या पहिल्या ट्रॉल्या दिसल्या, रस्त्यावर चिपाडं पडलेली. वळणावर मी रिक्षावाल्याला गोठा दाखवला, तसा दादानं डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

“थांब. हितंच.”

ती आंब्याखाली बांधलेली होती, रवंथ करत. शिंगांना निळा रंग, कपाळावर गोंडा. नव्या मालकानं हौसेनं सजवलं होतं. ती आमच्या बाजूला बघत नव्हती. मी उतरायला लागलो.

“नगं.” त्याची बोटं घट्ट झाली. “वास लागंल तिला. मग दावं तोडंल. त्या माणसाला... दूध दीना व्हायची. बसू दे तिला.”

रिक्षावाला मागं वळला. “उतरणार हाय का न्हाय, पावणं?”

“न्हाय,” दादा म्हणाला. “वळीव.”

परतीच्या वाटेवर पूल लागला. दादा म्हणाला, “कास... बरी दिसली. मऊ.”

मी हो म्हणालो. मी कासेकडं बघितलंच नव्हतं.